ज्यांची कबर कोणास ठाऊक नाही

(वाचनभाग : अनुवाद 34.1–8, लूक 15.3–7)



मोशेने चाळीस वर्षे लोकांस रानातून चालविले. तथापि मवाबाच्या देशात तो मरण पावला तेव्हा त्याच्या कबरेचे ठिकाण कोणाही मनुष्यास कळले नाही, असे शास्त्र सांगते. लोकांनी तीस दिवस शोक केला. पण जेथे जाऊन रडावे अशी जागा त्यांस मिळाली नाही.

आपल्या मुलखातील कित्येक घरांवर हाच प्रसंग आला. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. तैग्रीस नदीकाठी कुट येथे फौजेस वेढा पडला आणि अन्न संपल्यावर, 29 एप्रिल 1916 रोजी, ती शरण गेली. सुमारे 13,000 लोक कैद झाले. त्यांत 103 व 110 या मराठा पलटणींचे शिपाईही होते. कैद्यांस उन्हातान्हातून चालविण्यात आले. भूक व रोग यांनी पुष्कळ जण वाटेतच पडले. त्यांतील कोण कोठे पडला, हे सांगावयास घरी कोण येणार?

पुढे 1929 साली बसरा येथे, ज्यांच्या कबरा ठाऊक नाहीत अशा 40,000 हून अधिक जणांचे स्मारक उघडण्यात आले. गोऱ्या शिपायांची व हिंदी अंमलदारांची नावे तेथे दगडावर कोरिली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या लिहिली. अशा भेदभावाबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने 2021 साली क्षमा मागितली. तोवर त्यांच्या आया व बायका केव्हाच मातीआड झाल्या होत्या.

प्रभूच्या दृष्टांतातील मेंढपाळही मेंढरे मोजितो. परंतु एक उणे आहे हे कळताच तो शोधावयास निघतो. त्याची मोजणी शोधाचा आरंभ होती; बसऱ्याच्या दगडावर मोजणी होताच काम संपले. ज्या मोशेची कबर इस्राएलास सापडली नाही, तोच पुढे डोंगरावर प्रभूशी बोलत असलेला शिष्यांनी पाहिला. मनुष्यांस ठिकाण ठाऊक नसले तरी देवास ते ठाऊक होते. हा आपला आधार आहे.

उपदेशक बंधूंनो, 1971 च्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कित्येक घरी आजही वाट पाहणे संपलेले नाही. अशा घरी जाल तेव्हा "तो गेला, आता विसरा" असे म्हणू नका. "तो खचित येईल" असेही वचन देऊ नका. दोन्ही गोष्टी आपल्या अधिकाराबाहेरच्या आहेत. त्या माउलीने त्याचे ताट अजून मांडून ठेविले असेल, तर तिला हसू नका. तिच्याजवळ बसा, त्याचे नाव विचारा आणि ते नाव घेऊन प्रार्थना करा.

ज्या घराण्यातील कोणी युद्धावर जाऊन परतला नाही, त्याचे नाव, गाव व पलटण मंडळीच्या वहीत लिहून ठेवा आणि वर्षातून एकदा उपासनेत उभे राहून वाचा. दगड कोरणे आपल्या हाती नसेल. नाव घेणे तर आहे. जो आपल्या मेंढरांस नावाने हाक मारितो, त्याच्या लोकांस एवढे करणे उचितच आहे. आमेन.