बशीतले राळे

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एका रस्त्यावर एका व्यापाऱ्याचं भुसारचं दुकान होतं. त्याच्या लेकीनं पोपटाचा हट्ट धरला. आपला हिरवा राघू घरात कोंडणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे व्यापाऱ्याला माहीत होतं. म्हणून त्यानं पोपटाच्याच कुळातला, मूळ ऑस्ट्रेलियाचा, पण पिंजऱ्यातच जन्मलेला कॉकाटील आणला. करडं अंग, पिवळा तुरा, गालावर नारिंगी टिकली. त्याला मोठा पिंजरा दिला, घंटी दिली, आरसा दिला आणि बशी कायम काठोकाठ भरलेली ठेवली.

त्याच वर्षी त्यानं औसा तालुक्यातल्या गावाहून आईलाही शहरात आणलं. तिचा सगळा जन्म रानात राबण्यात गेला होता. "माय, लई कष्ट केलेस. आता नुसतं बसून खायचं," तो म्हणाला. खिडकीशी पलंग, जागेवर चहा, जागेवर जेवण.

चार महिन्यांत पाखरू मुकं झालं. मग ते स्वतःचीच पिसं उपटू लागलं. छातीची कातडी उघडी पडली. जनावरांच्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सांगितलं, "दुखणं काही नाही. याला दिवसभर करायलाच काही नाही." व्यापाऱ्यानं आणखी एक घंटी आणून टांगली. पिसं गळतच राहिली.

म्हातारी पलंगावरून हे बघत होती. बघता बघता तिची बोटं गोधडीचे दोरे ओढत राहत. गोधडीची एक कड पार उसवली होती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

एके सकाळी नात बशी भरत होती. म्हातारीनं त्यातले दाणे तळहातावर घेतले. "अगं, हे तर राळे! आमच्या लहानपणी याचा भात व्हायचा." मग ती लेकाला म्हणाली, "बापू, मी माळ्यावर उभं राहून गोफणीनं राघू हाकललेत. दिस उगवल्यापासून बुडेपर्यंत त्यांचं एकच काम. हुडकायचं, सोलायचं, कुरतडायचं. पोट भरलं तरी चोच थांबत नाही. याच्या चोचीला तू काय ठेवलंस?"

तिनं बशी काढली. दाणे तेवढेच ठेवले, फक्त जागा बदलल्या. थोडे राळे कागदाच्या पुड्यांत बांधले, थोडे करवंटीत पाल्याखाली लपवले. ज्वारीचं कणीस आणि कडुलिंबाची पाल्यासकट फांदी टांगली. नखं अडकतील म्हणून सुटे दोरे मात्र जवळ येऊ दिले नाहीत. दर दोन-तीन दिवसांनी मांडणी बदलायची. रोज तासभर पंखा बंद करून, दारं-खिडक्या लावून त्याला खोलीत मोकळं सोडायचं.

पहिले दोन दिवस पाखरू कोपऱ्यात दबून बसलं. तिसऱ्या दिवशी त्यानं पुडी टरकावली. आठवड्यानं दुपारभर फांदी सोलत बसलं. एका सकाळी शीळ ऐकू आली. पावसाळा येईतो छातीवर पुन्हा पिसं धरली होती.

त्या दिवसांत व्यापारी एकदा आईजवळ बसला, तेव्हा ती गोधडीची उसवलेली कड शिवत होती. त्यानं कडेवरून हात फिरवला. पिंजऱ्याकडे पाहिलं. पलंगाजवळच्या झाकलेल्या ताटाकडे पाहिलं. बराच वेळ तो बोलला नाही.

"माय, दुकानात तूर निवडायला बायका येतात. त्यांच्यावर नजर ठेवायला जाणतं माणूस नाही. येशील का?"

तिनं सुई गोधडीत खोचली आणि विचारलं, "सकाळी किती वाजता?"

तात्पर्य : आयतं ताट पुढे ठेवलं म्हणजे सांभाळणं झालं, असं नाही. जीव पाखराचा असो की माणसाचा, पोटाला दाणा लागतो तसा हाताला आणि चोचीला उद्योग लागतो.