जुळले त्यांचं आणि उरले त्यांचं

शाळेच्या दोन याद्या घ्या. एकीत हजेरी क्रमांक, नाव आणि पालकांचा फोन. दुसरीत हजेरी क्रमांक आणि गुण. जावास्क्रिप्टमध्ये या झाल्या ऑब्जेक्टच्या दोन अ‍ॅरे. त्या एकत्र करणं तसं दोन-तीन ओळींचं काम. पहिल्या अ‍ॅरेतल्या प्रत्येक मुलासाठी दुसरीत ‘फाइंड’ने नोंद शोधायची आणि दोन्ही ऑब्जेक्ट स्प्रेडने एकात ओतायचे. याद्या दहा-दहा हजारांच्या असतील, तर हा शोध कोट्यवधी तुलनांवर जातो. तेव्हा २०१५ साली भाषेत आलेला ‘मॅप’ वापरावा: गुणांची यादी हजेरी क्रमांकानुसार एकदाच लावून ठेवायची, मग हवी ती नोंद थेट हाती येते.

वेगाचा प्रश्न इथे मिटतो. मला महत्त्वाचा वाटतो तो जुळण्याचा प्रश्न. आतला मजकूर तंतोतंत सारखा असला, तरी दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट जावास्क्रिप्टला समान वाटत नाहीत. कशावरून जुळवायचं, हे आपणच सांगायचं. नावावरून जुळवावं, तर एका वर्गात एकाच नावाची दोन मुलं निघतात. हजेरी क्रमांक बरा. पण एका यादीत ७ हा अंक असेल आणि दुसरीत फॉर्ममधून आलेला ‘७’ हा मजकूर, तर मॅपच्या लेखी ते दोन वेगळे क्रमांक. नोंद सापडत नाही, हाती ‘अनडिफाइंड’ येतं, आणि ते स्प्रेड केलं तरी भाषा तक्रार करत नाही. प्रोग्राम व्यवस्थित संपतो. त्या मुलाच्या ओळीत गुण मात्र नसतात.

गुणांच्या यादीत आहे पण पहिलीत नाही, अशा मुलाचं तर याहून वाईट. तो निकालात उमटतच नाही. शिवाय दोन्हींकडे फोनचा रकाना असला, तर स्प्रेडमध्ये नंतर लिहिलेल्याचा शब्द अखेरचा; नंतरच्या यादीत तिथे ‘नल’ असेल, तर आधीचा खरा नंबरही पुसला जातो. फेरपरीक्षेमुळे एका मुलाच्या दोन नोंदी असल्या, तर मॅपमध्ये शेवटची तेवढी टिकते. ती चालेल का, हे शाळेने सांगायचं. याद्या कुठल्या क्रमाने आल्या यावर ते ठरू नये.

एसक्यूएलमध्ये इनर, लेफ्ट की फुल जॉइन, हे लिहितानाच निवडावं लागतं. जावास्क्रिप्ट तसं विचारत नाही, म्हणून न जुळलेल्या नोंदींसाठी तिसरी अ‍ॅरे मी आवश्यक मानतो. ती वर्गशिक्षकांपुढे ठेवली की उलगडा होतो: एकाने तुकडी बदललेली असते, एकाचा क्रमांक टाइप करताना चुकलेला असतो, एक खरोखरच परीक्षेला बसलेला नसतो. पहिल्या दोघांचे गुण त्याच दिवशी त्यांच्या नावापुढे लागू शकतात. तिसऱ्याच्या घरी फोन करायचा असतो, आणि त्यासाठी तो नंबर शाबूत असायला हवा.