फरक कुठे पडला?

खामगावातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जानेवारीतली एक दुपार. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा मुलगा जिनिंगच्या कापूस खरेदीच्या पट्ट्या टॅलीत चढवत होता. एका पट्टीवर अडला. विकणारा मोताळ्याकडचा शेतकरी. त्याला कुठला जीएसटी नंबर? मग कर शून्य टाकायचा? जुने दिवाणजी मान वर न करता म्हणाले, "कापसाचा कर घेणारा भरतो बाबू. उलटा." नोव्हेंबर २०१७ पासूनचा हा नियम. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा जीएसटी नोंदणी असलेल्या खरेदीदाराने स्वतः भरायचा. या मुलाने परीक्षेत 'रिव्हर्स चार्ज'वर टीप लिहून मार्क मिळवले होते. ती टीप म्हणजेच ही पट्टी, हे त्याला तोवर उमगलं नव्हतं.

मुलांना काही येत नाही, अशी ओरड व्यापारी करतात. मला ती अर्धीच पटते. हिशेब शिकायला बुलढाणा जिल्ह्यात जागा कमी नाहीत. कापसासाठी जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली. अडत, तोलाई, हमालीची गणितं इथल्या बाजाराला तेव्हापासून पाठ. चांदीची दुकानं आहेत, मलकापूरचे कारखाने आहेत, १९८६ मध्ये सुरू झालेल्या बुलडाणा अर्बनसारखी मोठी पतसंस्था आहे. आणि तरी पदवी घेतलेला मुलगा पुन्हा फी भरून टॅलीच्या क्लासला बसतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आणली. चार क्रेडिट, क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास. माझा आक्षेप या तासांनाच आहे. हिशेबाचं काम तारखांवर चालतं. महिन्याला विवरण भरणाऱ्याची विक्री ११ तारखेपर्यंत चढवायची, १४ ला समोरच्यांनी काय दाखवलं ते पोर्टलवर येतं, ते आपल्या खरेदीशी जुळवायचं आणि २० च्या आत कर भरायचा. खरं शिक्षण १४ ते २० मध्ये आहे. तिथेच फरक निघतात, पार्टीला फोन करावे लागतात, शिव्याही खाव्या लागतात. कॉलेजच्या सोयीने २१ ला आलेला विद्यार्थी पुढच्या दहाच्या आत तास भरून गेला, तर त्याने फक्त फायली लावलेल्या असतात. सर्टिफिकेट मात्र त्याला आणि १४ ते २० राबलेल्याला सारखंच. तास मोजणं सोडा, एक महिना उघडल्यापासून मिटेपर्यंत पाहू द्या, एवढंच माझं म्हणणं.

जुनी मुनीमगिरी चांगली होती असं मी म्हणणार नाही. ती ओळखीच्या, बहुतेकदा जातीतल्याच पोरांसाठी होती आणि पहिली काही वर्षं फुकट राबण्यात जात. फुकट राबवणं आजही सुटलेलं नाही. सीएच्या आर्टिकलशिपला निदान विद्यावेतन बंधनकारक आहे. २०२३ मध्ये ती तीन वर्षांवरून दोनवर आली, पण आहे ती पूर्णवेळ. राज्य सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार ठरले. पदवीच्या आधीच्या ओजेटीवाल्याने मात्र जळगाव जामोदहून यायचं एसटीचं भाडंही घरून आणायचं. मुलींचं आणखी वेगळं. वीस तारखेच्या आसपास ऑफिसं रात्री नऊपर्यंत चालतात आणि गावाकडची शेवटची गाडी त्याआधीच निघते. म्हणजे शिकण्यासारखं काम सुरू होतं तेव्हा त्या स्टँडवर उभ्या असतात. यावर कुठल्या परिपत्रकात एक ओळही माझ्या पाहण्यात नाही.

त्या मुलाचा महिना शेवटी २,७०० रुपयांनी अडला. बँकेचा शिल्लक आकडा आणि वहीतला आकडा काही जुळेना. दोन तास तो बेरजा तपासत बसला. दिवाणजींनी विचारलं, नऊने भाग जातो का? जात होता. "मग आकडे उलटे पडलेत कुठे तरी." शोधता शोधता २७,४५० च्या जागी २४,७५० सापडले. मुलगा खुर्चीतून उठलाच.

संध्याकाळी त्याने कॉलेजची लॉगबुक काढली. 'आज केलेले काम' या रकान्यात जागा एका ओळीची. आदल्या अकरा दिवसांखाली जे होतं तेच त्याने बाराव्यांदा लिहिलं: व्हाउचर एन्ट्री केली.