साक्ष देणारा कॅमेरा

तेजोमेघ आणि दीर्घिका टिपण्यासाठी पहिला कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न बहुतेकांना खर्चाचा वाटतो. घरातला डीएसएलआर चालेल का, थंड ठेवता येणाऱ्या सेन्सरचा खास कॅमेराच घ्यावा का, रंगीत घ्यावा की मोनो (कृष्णधवल), असे त्याला फाटे फुटतात आणि शेवटी किमतींचा तक्ता पाहून तो निकालात निघतो. पण या खरेदीच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. लग्नाचे किंवा एखाद्या गडाचे छायाचित्र खरे की खोटे, हे तिथे हजर असलेला कोणीही सांगू शकतो. मृग नक्षत्रातल्या अश्वमुख तेजोमेघामागे छायाचित्रात जो तांबडा पडदा दिसतो, त्याला असा साक्षीदार नाही. त्या जागी कितीही वेळ टक लावून पाहिले, तरी डोळ्याला तो तांबडा रंग दिसत नाही. मग ते चित्र खरे कशावरून? माझ्या मते पहिल्या कॅमेऱ्याचा निकष या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. प्रकाशापासून चित्रापर्यंतच्या प्रत्येक पायरीचा हिशेब जो कॅमेरा आपल्या हाती देतो, तो घ्यावा.

आपल्याकडच्या नैयायिकांनी ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इंद्रियाचा वस्तूशी संबंध येऊन जे ज्ञान होते ते प्रत्यक्ष. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात एक शंका येते: काच, अभ्रक किंवा स्फटिक यांच्या आडची वस्तू दिसते, मग डोळ्याचा तिच्याशी संबंध येतो असे कसे म्हणायचे? त्यावरचे उत्तर असे की पारदर्शक वस्तू डोळ्याला अडवत नाही, म्हणून संबंध तुटत नाही. या न्यायाने दुर्बिणीच्या नेत्रिकेतून पाहणे प्रत्यक्षातच मोडेल. कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी आहे. अंधारात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. सुमारे 500 नॅनोमीटरच्या आसपास त्या सर्वांत तल्लख असतात आणि हायड्रोजनच्या 656.3 नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असतात. शिवाय डोळा प्रकाश साठवतो तो सेकंदाच्या जेमतेम एखाद्या दशांशापुरता. कॅमेरा पाच-पाच मिनिटांचे पन्नास-शंभर तुकडे घेतो, संगणक ते एकावर एक रचतो आणि कित्येक तासांच्या प्रकाशाची बेरीज आपण एका क्षणात पाहतो. हे दर्शन नव्हे. सेन्सरवर प्रकाशकण पडले, त्यांनी इलेक्ट्रॉन सुटे केले, त्यांचे आकडे झाले, आणि त्या आकड्यांवरून तिथे काय असावे हे आपण ठरवले. धूर पाहून डोंगरावरचा अग्नी ओळखण्याच्या जातीचे हे ज्ञान आहे. तेजोमेघाचे छायाचित्र म्हणजे चित्राच्या रूपात मांडलेले अनुमान.

यावर चार्वाकपंथी आक्षेप सरळ आहे: अनुमानाच्या मागे लागायचेच कशाला? कॅमेरा बाजूला ठेवा, नेत्रिकेला डोळा लावा आणि जेवढे दिसेल तेवढेच खरे माना. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण इतिहास त्याच्या बाजूने उभा राहत नाही. एकोणिसाव्या शतकात मोठमोठ्या निरीक्षकांनी मृगातल्या एम 42 या तेजोमेघाची रेखाचित्रे डोळ्याने पाहून काढली. ती एकमेकांशी इतकी जुळेनात की तेजोमेघच बदलतो आहे की काय, असा वाद झडला. बदलत होते ते हात, डोळे आणि अपेक्षा. 30 सप्टेंबर 1880 रोजी हेन्री ड्रेपर यांनी त्याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. ते अंधूक होते, पण पुढच्या माणसाला पडताळून पाहता येण्याजोगे होते. 1888 मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या धूसर ठिपका म्हणून पाहिलेल्या त्या वस्तूत सर्पिल रचना उघड झाली. डोळ्याने पाहिलेले आपोआप अधिक विश्वासार्ह ठरते, हा समज इथे टिकत नाही.

याच छायाचित्राने अनुमानाची दुसरी बाजूही दाखवली. रॉबर्ट्स यांना त्या सर्पिलात एखादी सूर्यमाला घडताना दिसते आहे असे वाटले. 1923 मध्ये एडविन हबल यांना माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीने घेतलेल्या काचपट्टीवर त्याच देवयानीत एक रूपविकारी तारा सापडला. त्याच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर काढता आले आणि ती आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरली. आज तिचे अंतर सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे धरतात. रॉबर्ट्स यांचा अर्थ चुकला तरी त्यांची काचपट्टी खोटी ठरली नाही. पुरावा आणि त्याचा अर्थ या दोन गोष्टी तिथे वेगळ्या राहिल्या होत्या, म्हणून अर्थ बदलता आला. कॅमेरा घेताना जपायची गोष्ट हीच आहे: नोंद आणि अर्थ यांची सरमिसळ होता कामा नये.

ही सरमिसळ होते कुठे, ते पाहण्यासाठी फार लांब जायला नको. दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्याला झाकण लावा आणि पाच मिनिटांचे एक्स्पोजर घ्या. चित्र काळे यायला हवे. ते तसे येत नाही. उजळपणा वाढवून पाहिले की त्या काळ्यात लाल, निळे, हिरवे ठिपके विखुरलेले दिसतात, आणि काही कॅमेऱ्यांत एका कडेला फिकट उजेडाचा पट्टाही उमटतो. आकाशाचा एकही किरण आत आलेला नसताना कॅमेऱ्याने काढलेले हे चित्र आहे. हौशी मंडळी त्याला डार्क फ्रेम म्हणतात आणि खऱ्या चित्रातून ती वजा करतात, जसा दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचे वजन करून घेतो. न्यायशास्त्राच्या भाषेत हा उपाधी, म्हणजे लपलेली अट, हुडकण्याचा प्रकार आहे. अग्नीवरून धुराचे अनुमान करायचे तर मधे ओल्या लाकडाची अट लपलेली असते. ती लक्षात न घेता केलेले अनुमान फसते. तसेच ‘ठिपका आहे, म्हणून तारा आहे’ या अनुमानात सेन्सरच्या उष्णतेची अट लपलेली असते. भिंगावरच्या धुळीची आणि कडेच्या काळोखीची अट एकसारख्या उजेडाची फ्लॅट फ्रेम घेऊन काढतात. असे दोष प्रत्येक कॅमेऱ्यात असतात. ते वेगळे काढून दाखवता येतात की नाही, यावर कॅमेऱ्याची पारख व्हावी.

थंड सेन्सरचे महत्त्व इथे कळते. सेन्सरचे तापमान सहा-सात अंशांनी वाढले की त्याच्या स्वतःच्या उष्णतेतून सुटणारे इलेक्ट्रॉन सुमारे दुप्पट होतात. महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेच्या रात्री साध्या डीएसएलआरचा सेन्सर तासातासाला वेगळ्या तापमानावर असतो, त्यामुळे संध्याकाळी घेतलेली डार्क फ्रेम मध्यरात्रीच्या चित्राला नीट बसत नाही. ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर उणे 10 अंशांवर स्थिर ठेवता येतो, त्याची डार्क फ्रेम आजही तीच आणि दोन महिन्यांनीही जवळपास तीच. पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले असते, तेव्हा घरात बसून, झाकण लावून अशा फ्रेमचा संच करून ठेवता येतो. थंडाव्याने चित्र सुंदर होते, ही झाली जाहिरातीची भाषा. त्याचा खरा लाभ असा की कॅमेरा स्वतः काय बडबडतो हे ठरलेले राहते आणि आकाश काय म्हणते ते वेगळे ऐकता येते.

मग रंगांचे काय? अशी चित्रे ‘रंगवलेली’ असतात, हा सर्वांत लोकप्रिय आक्षेप. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे एक फिल्टर बसवलेला असतो. माणसांची त्वचा आणि झाडांची पाने डोळ्याला दिसतात तशी यावीत म्हणून तो तांबड्या टोकाचा प्रकाश कापतो, आणि त्याबरोबर हायड्रोजनचा 656.3 नॅनोमीटरचा प्रकाशही बराचसा अडवतो. म्हणजे ज्याला आपण ‘नैसर्गिक’ कॅमेरा म्हणतो, तो डोळ्याच्या मर्यादा जाणूनबुजून अंगावर घेतलेला कॅमेरा आहे. म्हणूनच कॅननने 2012 मध्ये 60डीए आणि निकॉनने 2015 मध्ये डी810ए हे कॅमेरे तो फिल्टर बदलून खास आकाशासाठी काढले. त्यात उमटणारा तांबडा रंग कोणी भरलेला नसतो, तो तिथल्या हायड्रोजनचाच असतो. हबल दुर्बिणीच्या 1995 मधल्या गरुड तेजोमेघाच्या प्रसिद्ध चित्रात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. तो मात्र संकेत आहे, पण जाहीर केलेला संकेत आहे. नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटीच्या 30 तबकड्या ज्या रेडिओलहरी टिपतात त्यांना दिसणारा रंगच नाही, तरी त्यांच्या रंगीत नकाशांना कोणी खोटे म्हणत नाही. भूगोलाच्या नकाशात सखल जमीन हिरवी असते, एवढ्याने नकाशा लबाड होत नाही. सूची लपवली तर होतो.

आता माझ्याच युक्तिवादावर उलटणारा प्रश्न. हिशेबच महत्त्वाचा असेल, तर मोनो कॅमेराच का नको? रंगीत सेन्सरवर चौकोनी जाळीतला प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांकडून अंदाजाने घेतो. जाळीतले निम्मे बिंदू तर हिरव्यालाच वाहिलेले असतात. मोनो कॅमेऱ्यात प्रत्येक बिंदू जे मोजतो तेच सांगतो. तत्त्वतः आक्षेप बिनतोड आहे. पण हिशेब ठेवणारा माणूसही हिशेबाचाच भाग असतो. मोनो कॅमेऱ्याबरोबर फिल्टरचे चाक येते, प्रत्येक फिल्टरच्या वेगळ्या फ्लॅट फ्रेम येतात आणि एका चित्राला निदान तीन-चार संच लागतात. नवशिक्याच्या हातून यातली एखादी कडी सुटली तर ती कुठे सुटली हे त्याला कळतही नाही. उलट रंगीत सेन्सरवर प्रत्येक एक्स्पोजरनंतर दुर्बीण किंचित सरकवत गेले, की आकाशाचा एकच बिंदू आळीपाळीने तिन्ही रंगांच्या खाली येतो आणि अंदाजाची जागा बरीचशी मोजणी घेते. मोनो दुसऱ्या पायरीवर शोभतो.

खरी सावधगिरी बाळगायची ती न सांगता मधे पडणाऱ्या कॅमेऱ्यापासून. काही कॅमेऱ्यांत दीर्घ एक्स्पोजरची फाइल लिहिण्याआधीच आतला प्रोग्रॅम एकट्या उजळ बिंदूला दोष समजून पुसतो, आणि त्यात बारीक तारेही जातात. ज्या फाइलला रॉ, म्हणजे कच्ची, म्हणून हात लावायचा, ती आधीच शिजवलेली असते. 2023 मध्ये एका फोनच्या चंद्रचित्रांवरून वाद झाला तोही याच मुद्द्यावर: मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्रातही तो फोन विवरांचे तपशील भरत होता. ती विवरे चंद्रावर खरोखर आहेत, हा बचाव पुरेसा नाही. निष्कर्ष खरा निघाला तरी हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, खोटा असेल तर ते ज्ञान नव्हे, योगायोग आहे. आपोआप रचून चित्र हातात देणाऱ्या छोट्या स्मार्ट दुर्बिणींना मी या पंक्तीत सरसकट बसवणार नाही. मूळ सुट्या फ्रेम त्या हाती देत असतील तर त्यांच्यावरही शिकता येते.

कोणी म्हणेल, हा छंद आहे, न्यायालय नव्हे. चार लोकांना चित्र आवडले, विश्वाच्या विस्ताराने मन भरून आले, की काम झाले. पण मन भरून येते ते ‘हे खरोखर तिथे आहे’ या विश्वासामुळेच. 2022 मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एतिएन क्लाइन यांनी सॉसेजच्या चकतीचे छायाचित्र ‘प्रॉक्झिमा सेंटॉरी’ हा तारा म्हणून प्रसिद्ध केले, आणि थट्टा उघड होईपर्यंत अनेकांनी भारावून तिचे कौतुक केले. चकती काही बदलली नाही, तरी ते भारावणे ओसरले. पाहणाऱ्यांनी तिथे शब्दप्रमाण मानले होते, आणि शब्द आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह जाणत्याचा, असेल तरच तो प्रमाण ठरतो. याच्या उलट घटना पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला जाहीर झाली. काही हौशी छायाचित्रकारांनी शंभराहून अधिक तासांच्या एक्स्पोजरमधून देवयानीशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक मोठी, आजवर कोणाला न दिसलेली कमान दाखवली. सेन्सरचा दोष किंवा भिंगातले परावर्तन असण्याची शक्यता आधी तपासली गेली. इतरांनी दुसऱ्या ठिकाणांहून, दुसऱ्या दुर्बिणींनी ती पुन्हा टिपली, आणि मग ती मान्य झाली. ती देवयानीची की आपल्याच आकाशगंगेतली, यावर चर्चा पुढेही चालू राहिली. इतक्या परिचित आकाशात हौशी माणसाचा शब्द मानला गेला, तो त्याच्याकडे हिशेब होता म्हणून.

तेव्हा निवाडा असा. घरात चालू स्थितीतला डीएसएलआर असेल तर त्यानेच सुरुवात करा. रॉ फाइल ठेवा, कॅमेऱ्यातली सगळी आपोआप सुधारणा बंद करा आणि प्रत्येक रात्रीच्या डार्क आणि फ्लॅट फ्रेम जपून ठेवा. नवीनच घ्यायचा असेल तर तापमान स्थिर ठेवता येणारा, मध्यम आकाराच्या सेन्सरचा रंगीत कॅमेरा घ्या. पैसे कमी पडत असतील तर सेन्सर लहान घ्या, पण थंडावा सोडू नका. आणि ज्या दिवशी चित्र कोणाला दाखवाल, त्या दिवशी किती तासांचे एक्स्पोजर, कोणता फिल्टर आणि रंग कशाला कोणता दिला, हे चित्राखाली दोन ओळींत लिहा.