वीतभर पाणी

नेसरी म्हटलं की माणसाला घोडे आठवतात. 24 फेब्रुवारी 1674, प्रतापराव गुजर, सोबत सहा स्वार आणि समोर बहलोलखानाची फौज. खिंडीतलं स्मारक बघायला लोक येतात, फोटो काढतात आणि गाडीत बसतात. जवळूनच घटप्रभा वाहते, तिच्याकडे फारसं कुणी वळत नाही. नेसरीत कुणी होडी बांधली म्हटलं तर गडहिंग्लजचा माणूससुद्धा हसेल. तरी ही गोष्ट होडीचीच आहे. माणसं मी रचलेली आहेत, नदी खरी आहे.

एक सुतार होता. बापानं जन्मभर बैलगाड्या केल्या, ह्याच्या वाट्याला ट्रॉलीच्या फळ्या आणि दारांच्या चौकटी आल्या. एके दिवशी नदीपल्याडच्या वाडीची चार माणसं त्याच्या अंगणात येऊन बसली. बाजार, दवाखाना, हायस्कूल, सगळं नदीच्या अलीकडं. पावसाळ्यात ती काहिलीतून ये-जा करत. गूळ शिजवायची लोखंडी काहील नदीत टाकून माणसं न्यायची, ह्याचं कोल्हापूर-सांगलीकडं नवल नाही. पण काहील गोल. वल्हं मारलं की ती पुढं जायच्या आधी गिरकी घेते, आणि आतली माणसं एकमेकांचे खांदे धरून उकिडवी बसतात.

"आम्ही वर्गणी काढलीया," वाडीकर म्हणाले. "माणसंबी न्यायला पायजेत आणि पोरास्नी मासंबी धरायला पायजेत. एकच होडी. तुमी करा."

सुतारानं होडी कधी केली नव्हती. पण ज्यानं गाडीचं चाक केलंय त्याला लाकडात अशक्य असं काही वाटत नाही, आणि तिथंच घोळ झाला. वाडीतला एक जण मालवणला काही वर्षं नोकरी करून आला होता. तो म्हणाला, "होडी म्हणजे मालवणची, दुसरी बघायचीच न्हाई." झालं. सुतार आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून मालवणला गेला. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या बघून त्याचा जीव हरखला. नाळ अशी वर आलेली, तळ निमुळता, खाली कणा, कोकणात त्याला पठाण म्हणतात. कुठं बाजूला उलांडी बांधलेली, म्हणजे लाट आली तरी होडी कलंडत नाही. त्यानं सुतळीनं मापं घेतली, गाठी मारल्या आणि ती सुतळी खिशात घालून परत आला.

होडी झाली, आणि खरंच देखणी झाली. दसऱ्याला तिला हार घालून पाण्यात सोडली. तेव्हा बंधाऱ्याला नुकतेच बरगे घातले होते, नदी काठोकाठ होती. थंडीभर ती ऐटीत चालली. मग उसाला मोटारी सुरू झाल्या, पाणी उतरत गेलं, आणि चैत्रात बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, जिथून वाडीची खरी वाट, तिथं होडी दगडांवर बसली. बसली ती एका कुशीवर. दहा माणसं चढली की ती हातभर पाणी मागायची, आणि नदीकडं तेवढं नव्हतं. लोक पायजमे वर करून तिच्या बाजूनं चालत जाऊ लागले. पुढं पुढं तिच्या सावलीत एक कोंबडी अंडी घालू लागली.

वाडीत एक म्हातारा भोई होता. सांगडीवरनं मासे धरण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. वाळक्या भोपळ्यांची ती सांगड आता कुणी वापरत नाही. तो सुताराला म्हणाला, "होडी कुणाला इचारून केलास?"

"मालवणच्या लोकांस्नी."

"ती लाटंची होडी हाय बाबा. लाट फोडायला निमुळती करत्यात. हितं लाट कुठाय? नदीला इचारलास काय?"

दुसऱ्या दिवशी दोघं काठी घेऊन निघाले. मैलभर नदी त्यांनी पायानं आणि काठीनं चाचपली. डोहात काठी बुडाली तशी सुतारानं उत्साहानं पटाशी काढली, खूण करायला. म्हाताऱ्यानं हात धरला. "खोल पाण्याची खूण कशाला? तिथं कसलीबी होडी चालतीया. जिथं पाणी सगळ्यात कमी, तिथली खूण घे. होडी तिथं ठरती." दिवसभरात काठीवर एकच खाच पडली. तळापासून वीतभर. नऊ इंच.

सुतार ती काठी उशाला घेऊन झोपला म्हणतात. मला हे खरं वाटतं, कारण पुढचं काम अशाच माणसाचं होतं. बंद पडलेल्या गुऱ्हाळावरची काहील त्यानं पाण्यानं भरली आणि तीन छोट्या होड्या कोरून तिच्यात सोडल्या: एक निमुळत्या तळाची, एक गोल तळाची, एक सपाट. तिन्हींत सारखे खडे टाकले. निमुळती सगळ्यात खोल गेली. गोल तळाची मधोमध भरली तर ठीक, एक खडा कडेला सरकवला की कलायची. सपाट होडी मात्र परातीसारखी वर राहिली. वजन तेवढंच, पण ते रुंद जागेवर पसरलेलं, म्हणून थोडंच बुडून भागतं. होडी आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. ते खोल जाऊन सारायचं की पसरून, एवढंच बांधणाऱ्याच्या हातात असतं.

मग हिशेब. तळ 16 फूट लांब, 4 फूट रुंद. एक इंच बुडाली तर सव्वापाच घनफुटांहून थोडं जास्त पाणी बाजूला होतं. एक घनफूट पाणी साधारण सव्वाअठ्ठावीस किलो, म्हणजे इंचाला दीडशे किलो. सुताराला हे गुळाच्या भाषेत सोपं गेलं: तीस किलोचे पाच रवे, एक इंच. फणसाच्या फळ्यांची होडी स्वतःच अडीचशे किलोची, दहा माणसं सहाशेची, अकरावा काठी मारणारा. बेरीज सहा इंचांवर थांबली. वीतभर पाण्यातून तीन इंच शिल्लक.

इथं मला थोडं आडवळण घेऊ द्या. आरमार म्हटलं की आपल्याला मोठी जहाजं डोळ्यांसमोर येतात. पण 1679 मध्ये खांदेरीवर इंग्रजांची जहाजं नाकाबंदी करत होती, तेव्हा बेटावरच्या मायनाक भंडाऱ्याला, शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या सरदाराला, रसद पोचली ती लहान, उथळ बुडाच्या होड्यांतून. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं, शिवाय वारा पडला की ते अडतं. ह्या होड्या वल्ह्यांवर निसटून जायच्या. ज्या महाराजांनी प्रतापरावांना खरमरीत पत्र धाडलं, त्यांच्याच आरमारातली ही गोष्ट. नेसरीकरांना पत्र तोंडपाठ असतं, होड्या माहीत नसतात.

दुसरी होडी दिसायला साधी, लांब पेटीसारखी. दोन्ही टोकं जराशी वर उचललेली, म्हणजे काठावर चढते आणि म्हातारी माणसं पाय न भिजवता उतरतात. एका टोकाला पाटासारखी फळी, पाग टाकणाऱ्या पोराला उभं राहायला. सपाट तळामुळं जाळं फेकताना तो कडेला झुकला तरी ती पटकन कलत नाही. आत पायाखाली पट्ट्या, आणि बुडाखाली दोन लांब पट्ट्या, दगडावर घासायला आणि नाक सरळ ठेवायला.

सपाट होडीचं दुखणंही त्यानं लपवलं नाही. वारा आणि ओढ लागली की ती आडवी सरकते, आणि पुरात तिचा भरवसा नाही. पुराचं पाणी चढलं की होडी वर ओढायची, हे त्यानं वाडीकडून कबूल करून घेतलं. आणि बाजूच्या फळीवर, तळापासून सहा इंचांवर, तांबडी रेघ ओढली. 1876 च्या कायद्यानं ब्रिटनच्या जहाजांवर अशी रेघ आली, ती प्लिम्सॉल नावाच्या खासदारानं हट्टानं ओढायला लावली. सुताराला प्लिम्सॉल ठाऊक नव्हता. त्याला 8 ऑगस्ट 2019 चं ब्रह्मनाळ ठाऊक होतं, पुरातून माणसं काढताना उलटलेली ती खच्चून भरलेली बोट.

बाजारच्या दिवशी होडी भरली. सुतारही हत्यारांची पिशवी घेऊन आत बसलेला. तेवढ्यात वाडीतली एक बडी असामी धोतर सावरत आली आणि चढली. काठी धरलेल्या पोरानं वाकून बघितलं. रेघ पाण्याखाली.

"मामा, एक जण उतरा. रेघ बुडली."

"आरं, वर्गणीत सगळ्यांपरास जास्त मी दिलोय."

"पावती नदीला दावा, मामा."

लोक हसले, पण कुणी उठलं नाही. शेवटी सुतार पिशवी उचलून काठावर उतरला आणि खाली वाकला. तांबडी रेघ पाण्याबाहेर आली होती, गव्हाच्या दाण्याएवढी. पोरानं काठी तळाला टेकवली आणि होडी ढकलली.