नाव वाचायचं राहिलं

पदवी मिळायला समारंभाला हजर राहावं लागत नाही. निकाल लागला, दीक्षान्त समारंभात अधिष्ठात्यांनी आपापल्या विद्याशाखेचे स्नातक सादर केले आणि कुलपतींनी पदवी दिल्याचं जाहीर केलं, की सभागृहात असलेले आणि नसलेले सगळे एकदमच पदवीधर होतात. गैरहजर राहिलेल्याला अनुपस्थितीत पदवी मिळते आणि तिचं मोल रतीभरही कमी होत नाही. म्हणूनच २०२० मध्ये जगभरचे समारंभ रद्द झाले तेव्हा पुष्कळ समंजस माणसं म्हणाली, की जीव वाचवायचे दिवस आहेत, झग्याटोप्यांचं काय घेऊन बसलात? त्या वेळी त्यांचं म्हणणं खोडून काढावंसं मलाही वाटलं नाही. पण त्या वर्षीच्या मुलांचं जे राहून गेलं ते किरकोळ होतं, असं मात्र मी मानत नाही. वर्षं उलटली तसं ते मला जास्तच मोठं वाटू लागलं आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. आमच्याकडे पदवी म्हणजे काय, हे शहरातल्या घरांमध्ये बसून कळणं कठीण आहे. एके काळी पदवीधर मोजकेच असत. मुंबई विद्यापीठातून १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले ते चौघे होते: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांची नावं आजही सांगता येतात. पुढे १८७४ मध्ये फोर्टात कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून दीक्षान्त सभागृह उभं राहिलं. त्याची रंगीत काचांची गोल खिडकी पाहायला आजही लोक थांबतात. पण आता एकेका विद्यापीठाच्या पदव्यांची संख्याच अशी आहे, की कुठलंही सभागृह पुरणार नाही. मुख्य समारंभात मंचावर जातात ते पीएच.डी. झालेले आणि सुवर्णपदकं मिळवलेले. बाकीच्यांची पदवी एका घोषणेत उरकते. म्हणून विद्यापीठाने महाविद्यालयांमध्येच पदवी वितरणाचा कार्यक्रम घ्यायला सांगितलं, तेव्हा मला तो फार शहाणपणाचा निर्णय वाटला होता. टीवायच्या मुलामुलींना त्यांच्याच गावात, ओळखीच्या माणसांसमोर पदवी मिळू लागली.

त्या कार्यक्रमात नावं वाचायचं काम माझ्याकडे असे. आपल्याकडे प्रमाणपत्रावर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि सोबत आईचंही नाव असतं. मी ते सगळं वाचायची. मंडपात मागे बसलेल्या कितीतरी बायकांचं नाव भर सभेत, माइकवरून, आदराने घेतलं जाण्याचा तो पहिलाच प्रसंग असणार. मुलगा मंचावर चढत असताना तिकडे बायकांच्या रांगेत शेजारणी एकमेकींना कोपरखळ्या मारत, 'तुझं नाव घेतलं गं!' म्हणत. कारखान्यात कामाला असलेले वडील खाडा करून आलेले असत. चुलते, मामा, एखादी लग्न होऊन गेलेली बहीण लेकराला कडेवर घेऊन आलेली असे. घरात पहिल्यांदाच कुणी पदवीधर होत असेल, तर ही सगळी माणसं एका जागी, एका वेळी ते घडताना पाहत. मुलांना झग्यात फोटो काढायची हौस असे, हे खरं. पण तो दिवस मुलांपेक्षा या माणसांचाच होता. आपल्या पोटच्या पोराने केलेली गोष्ट चार लोकांसमोर खरी ठरताना पाहणं, त्यासाठी ती आलेली असत.

मग मार्च २०२० उजाडला. परीक्षा तोंडावर असताना टाळेबंदी लागली आणि शेवटच्या वर्षाची मुलं जिथे होती तिथे अडकून पडली. त्यानंतरचे सहा-सात महिने त्यांच्यासाठी किती विचित्र होते, हे आता आपण विसरत चाललो आहोत. परीक्षा होणार की नाही, हेच त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं. राज्य सरकारचा कल परीक्षा न घेण्याकडे, राज्यपाल म्हणजे कुलपतींचा घेण्याकडे. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेर अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात असं सांगितलं. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ ऑगस्टला निकाल आला, की अंतिम परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही, राज्यांना हवी तर मुदतवाढ मागता येईल. शेवटी ऑक्टोबरात घरी बसून, मोबाइलवर, बहुपर्यायी प्रश्नांचे पेपर झाले. आमच्या भागातली मुलं रेंज मिळावी म्हणून टेकाडावर, पाण्याच्या टाकीवर, कुणी बंद पडलेल्या एसटी थांब्यावर बसून पेपर देत होती. मध्येच लिंक तुटली की फोन यायचा, 'मॅडम, सबमिट झालंय का बघा ना.' आवाज रडवेला असायचा.

पेपर सोपे होते का? काही होते. पण त्या मुलांनी तीन वर्षांतली पाच सत्रं नेहमीसारखी, वर्गात बसून, लेखी परीक्षा देऊन पार केली होती. हे कुणी लक्षात घेतलं नाही. त्याच वर्षी जुलैत कृषी अभ्यासक्रमाच्या काही गुणपत्रिकांवर 'प्रमोटेड कोविड-१९' असं छापून आलं. ओरड झाल्यावर तेव्हाचे कृषिमंत्री दादा भुसे यांनी त्यात लक्ष घातलं, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. पुढच्या वर्षी एका मोठ्या बँकेच्या भरतीच्या जाहिरातीत २०२१ मध्ये उत्तीर्ण झालेले उमेदवार पात्र नाहीत, असं प्रसिद्ध झालं. बँकेने ती छपाईतली चूक असल्याचा खुलासा केला. मी तो खुलासा मान्य करते. तरीही एवढं नक्की, की त्या ओळीवर विश्वास ठेवायला लोक आधीच तयार होते. गावात तर सरळच म्हणत, 'तुमची काय, कोरोनाची डिग्री.' चहाच्या टपरीवर, लग्नात, नोकरीच्या मुलाखतीत मुलांना हे ऐकावं लागलं. काहींनी बायोडेटावर वर्ष लिहायचं टाळलं.

मला सांगायचं आहे ते एवढंच. एरवीच्या बॅचची पदवी खरी आहे, याबद्दल कुणाला शंका नसते. समारंभ झाला काय, न झाला काय, त्यांचं फारसं बिघडत नाही. पण ज्या मुलांच्या पदवीकडे सगळं गाव संशयाने पाहत होतं, त्यांना चारचौघांत उभं करून, त्यांचं पूर्ण नाव घेऊन, ही पदवी त्यांनी कमावली आहे असं संस्थेने मोठ्याने सांगायला हवं होतं. ज्या वर्षी या समारंभाची सर्वांत जास्त गरज होती, त्याच वर्षी तो झाला नाही. पहिले महिने तो होणं शक्यच नव्हतं. नंतर मात्र तो शक्य झाला, आणि आपण तो घेतला नाही.

आमच्याकडे पदव्यांचा गठ्ठा आला तेव्हा कार्यालयाच्या खिडकीतून वाटप ठरलं. जमिनीवर चुन्याचे गोल आखलेले, एका वेळी एकच विद्यार्थी, फाटकाच्या आत पालकांना मनाई. नियम बरोबर होता आणि तो आम्ही पाळला. एका मुलाबरोबर त्याची आई आली होती. ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर, तोंडाला मुलाने बांधलेला रुमाल. शिपायाने तिला फाटकापाशी थांबवलं. मुलगा आत आला, रजिस्टरवर सही केली, प्लॅस्टिकच्या पिशवीतली पदवी घेतली आणि निघाला. मी तेव्हा व्हरांड्यातच होते, म्हणून फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेले. बाईंनी पदवी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, मग मला विचारलं, 'बाई, नाव कधी वाचणार?' थोरला मुलगा पास झाला तेव्हा ती मंडपात बसली होती. धाकट्याचंही तसंच होणार, असं तिने धरून ठेवलं होतं. मी म्हणाले, 'सगळं सुरळीत झालं की बोलावू.' मुलगा तिला म्हणाला, 'आई, चल आता.' त्याला बाकीच्या पोरांसमोर अवघडल्यासारखं झालं होतं.

जगात त्या काळात लोकांनी केलेले खटाटोप मी नंतर वाचले, काही पाहिलेही. मार्च २०२० च्या अखेरीस टोकियोत बिझनेस ब्रेकथ्रू विद्यापीठाने झगा आणि टोपी घातलेले रोबोट मंचावर चालवले. रोबोटच्या डोक्याच्या जागी पडदा, पडद्यावर घरी बसलेल्या विद्यार्थ्याचा चेहरा. मुंबई आयआयटीने २३ ऑगस्टला आपला ५८वा पदवीप्रदान समारंभ आभासी रूपात घेतला. विद्यार्थ्यांचे त्रिमितीय अवतार तयार केले, ते एकेक करून संचालक सुभाशीष चौधरी यांच्या अवताराकडून पदवी घेत होते. पदार्थविज्ञानाचे नोबेल मानकरी डंकन हॅल्डेन हे प्रमुख पाहुणे, त्यांचाही अवतार. काहींना हा पोरखेळ वाटला. मला त्यात मोठी माया दिसली. यंत्रं कितीही पुढारलेली असोत, या सगळ्यांनी एकच गोष्ट धडपडून जपली होती. एकेक विद्यार्थी, त्याचं नाव, आणि त्याने मंचापर्यंत जाणं. भाषणं गाळता आली असती, मिरवणूक आणि ज्ञानदंडही गाळता आले असते. नाव गाळलेलं चालत नाही, हे त्यांना कळलं होतं.

त्याहून मला भावलं ते नंतर परत बोलावणं. ज्या वुहानपासून हे सगळं सुरू झालं, तिथल्या सेंट्रल चायना नॉर्मल विद्यापीठाने जून २०२१ मध्ये अकरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा समारंभ केला, आणि त्यात आदल्या वर्षी राहून गेलेल्या दोन हजारांवर मुलांनाही बसवलं. हार्वर्डने मे २०२२ च्या शेवटी २०२० आणि २०२१ च्या बॅचसाठी वेगळा समारंभ घेतला. ती मुलं तोवर नोकऱ्यांना लागली होती, तरी आली. श्रीमंत विद्यापीठांना हे परवडतं, असं कुणी म्हणेल. पण आमच्या मंडपाला हार्वर्डचा पैसा लागत नाही. मंडप, माइक, खुर्च्या आणि एक दुपार, एवढ्यात तो होतो.

उशीर झाला आहे आणि त्या उशिरात काही कायमचं गेलं आहे. एप्रिल-मे २०२१ च्या लाटेत आमच्या तालुक्यात घराघरांत माणसं दगावली. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे वडील गेले, एकीची आई गेली. तिच्या पदवीवर आईचं नाव छापलेलं आहे आणि ते वाचलं जाताना ऐकायला आई नाही. त्या बॅचच्या बऱ्याच मुली आता सासरी आहेत. मुलांपैकी कुणी पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो, कुणी पोलीस भरतीच्या चौथ्या फेरीत आहे, दोघं-तिघं माझ्यासारखे शिक्षक झाले आहेत.

यंदाच्या पदवी वितरणात २०२० आणि २०२१ च्या बॅचना बोलवावं, असं पत्र मी प्राचार्यांना दिलं आहे. त्यांनी विचारलं, 'मॅडम, पदव्या तर केव्हाच दिल्या आहेत, आता परत काय देणार?' काही द्यायचं नाही. त्यांनी आपली पदवी घरून सोबत आणायची, नाव पुकारलं की मंचावर यायचं, बस. पालकांना पत्र वेगळं जाईल, कारण आमंत्रण मुलांच्या मोबाइलवर गेलं की ते तिथेच राहतं. यादी मी करायला घेतली आहे. ज्यांना सुट्टी मिळणार नाही, ज्यांना सासरहून निघता येणार नाही, त्यांचंही नाव वाचायचं. जे आई-वडील आता नाहीत, त्यांचं नावही वगळायचं नाही. प्रमाणपत्रावर आहे तसं, पूर्ण, त्याच क्रमाने.