संयम आणि दाबाची वाट

मनात उसळलेला आवेग आवरला म्हणजे तो संपतो काय, हा भारतीय धर्मचिंतनातील एक जुना प्रश्न आहे. आवेग आवरावा याविषयी बहुतेक पंथांचे एकमत आहे. परंतु आवरलेल्या आवेगाचे पुढे काय होते, याचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. टर्बो बसवलेल्या पेट्रोल मोटारीतील ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह ही लहानशी झडप हाच प्रश्न यंत्राच्या भाषेत मांडते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर तो विशेष स्पष्ट होतो.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारे चक्र असून त्याच आसावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. वेगात असताना हा आस मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. आलापल्लीहून भामरागडकडे किंवा चंद्रपूरहून मूलकडे जाताना चितळांचा कळप आडवा आला की चालक ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या मार्गातील पडदी, एकदम मिटते. थांबण्याचा निर्णय चालकाने घेतलेला असतो, चक्राने नव्हे. ते फिरतच राहते, आणि त्याने दाबलेली हवा मिटलेल्या पडदीवर आदळून परत त्याच्याच पात्यांवर येते. या उलट्या माऱ्याला सर्ज म्हणतात, आणि तो वारंवार होत राहिला तर आस व बेअरिंग यांचे आयुष्य घटते.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह या कोंडलेल्या हवेला वाट करून देतो. त्याच्या आतील स्प्रिंग झडप मिटून धरते. थ्रॉटल बंद झाल्यावर त्याच्या पलीकडे जी निर्वात ओढ निर्माण होते, ती एका नळीवाटे येऊन झडप उचलते. स्प्रिंगचा ताण स्क्रूने कमी-जास्त करता येईल अशीही झडपांची रचना असते. ताण अधिक झाला तर झडप वेळेवर उघडत नाही. फार कमी झाला तर इंजिन नुसते सुरू असतानाही ती उघडी राहते. म्हणून इंजिन संथ चालू असताना झडप जेमतेम मिटलेली राहील, इतकाच ताण ठेवावा आणि मग गाडी चालवून तो पारखावा, असा कारागिरांचा परिपाठ आहे.

संयम म्हणजे सर्व वाटा बंद करणे, ही समजूत किती अपुरी आहे, हे यावरून ध्यानात येते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे; पडदी मिटलेली आणि चक्र फिरत राहिलेले, अशीच ती अवस्था होय. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात दातांवर दात आवळून मनाने मन चिरडू पाहणाऱ्या बोधिसत्त्वाच्या काखांतून घाम निथळला आणि तरीही बोधी प्राप्त झाली नाही, असे वर्णन आहे. तरीही बुद्धाने हा उपाय सर्वस्वी टाकून दिला नाही. वितक्कसंठान सुत्तात अकुशल विचारांवर जे पाच उपाय सांगितले आहेत, त्यांत त्याला शेवटचे स्थान आहे. दडपणे हा अपवादात्मक उपाय आहे, नित्याची साधना नव्हे, असा या क्रमाचा अर्थ लावता येतो.

ताण किती असावा, याचे उत्तर सोण भिक्षूच्या कथेत मिळते. चालत ध्यान करताना पायांतून रक्त येईपर्यंत कष्टलेल्या या भिक्षूला, जो पूर्वी वीणा वाजवीत असे, बुद्धाने तारांविषयी विचारले आणि फार ताणलेली किंवा फार सैल तार सुरात वाजत नाही, हे त्याच्याकडूनच वदवून घेतले. येथे आकडा सांगितलेला नाही. वाद्य हाती घेऊन, ऐकून ठरवण्याची जबाबदारी साधकावर टाकली आहे. गीता आणि पातंजल योगसूत्रे या दोहोंनी मनोनिग्रहासाठी वैराग्याच्या जोडीला अभ्यास, म्हणजे पुनःपुन्हा केलेला प्रयत्न, सांगितला, त्याचेही कारण हेच असावे.

तथापि ताणाइतकाच महत्त्वाचा प्रश्न सुटलेली हवा कोठे जाते, हा आहे. काही झडपा ती मोठा आवाज करीत बाहेर सोडतात. ज्या गाडीत आत येणारी हवा मोजून त्या प्रमाणात इंधन दिले जाते, तेथे मोजलेली हवा अशी निघून गेल्यास इंधन क्षणभर जास्त पडते. दुसऱ्या प्रकारची झडप तीच हवा चक्राच्या तोंडाशी परत नेते, म्हणजे पाय पुन्हा पडताच ती कामी येते. राग व्यक्त करून मोकळे होणे आणि रागातील बळ कार्याकडे वळवणे, यांतील भेद असाच आहे. पहिल्याने यंत्र वाचते, दुसऱ्याने यंत्र वाचून शक्तीही वाया जात नाही.

या दृष्टांताला मात्र एक मर्यादा आहे. झडप दाब सोडते, दाब निर्माण करणारी व्यवस्था बदलत नाही. अन्यायाने निर्माण केलेल्या दाबावर संयमाचा उपदेश करणे किंवा त्याला उत्सवी वाट करून देणे, ही त्या व्यवस्थेचीच सोय ठरू शकते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आणि 16 ऑक्टोबरला चंद्रपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेली धम्मदीक्षा हा साचलेल्या संतापाचा निचरा नव्हता. बावीस प्रतिज्ञांनी जुन्या श्रद्धा व आचार नाकारून आणि नव्या शीलाचा स्वीकार करून तिने जीवनाची रचनाच बदलण्याचा संकल्प केला. त्याच दीक्षेत पंचशीलही होते, म्हणजे आत्मसंयम होताच. फक्त तो दुसऱ्याने लादलेला नव्हता, स्वतः स्वीकारलेला होता. त्यामुळे संयम किती पाळावा हे ठरवण्याआधी, समोरचा दाब आपल्याच धावेतून उपजला आहे की कोणी आपल्यावर आणला आहे, हे तपासणे धर्मविचाराचे पहिले कर्तव्य ठरते. पहिल्या प्रकारच्या दाबाला वाट द्यावी आणि त्यातील बळ कामी लावावे. दुसऱ्या प्रकारच्या दाबाला केवळ वाट देऊन भागत नाही, त्याचा उगमच बंद करावा लागतो.